डोंगर पोखरून उंदीर

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ हा वाक्प्रचार सरकारी कचेऱ्यांत फार चालतो. चौकशी समितीचा तीनशे पानांचा अहवाल येतो आणि त्यातून एखाद्या कारकुनाची एक वेतनवाढ रोखण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही, तेव्हा तो हमखास उच्चारला जातो. महसूल खात्यातील नोकरीत मीही तो कितीदा उच्चारला असेल, याची गणती नाही. परंतु पुण्याजवळच्या एका डोंगरातून खरोखरच एक उंदीर निघाला, १९७५ साली त्याची शास्त्रात नोंद झाली आणि साऱ्या जगात तो त्या एकाच डोंगरावर राहतो असे ठरले, हे निवृत्तीनंतर वाचनात आले, तेव्हापासून या वाक्प्रचारातील तुच्छता मला थोडी खटकू लागली आहे. तो डोंगर म्हणजे सिंहगड. शास्त्रज्ञांनी उंदराला नाव दिले ते मात्र गडाच्या जुन्या नावावरून : मिलार्डिया कोंडाना.

याच उंदराचा एक भाऊबंद आपल्या भागातला आहे. ‘आपल्या भागातला’ हे मी सैलपणे म्हणत नाही. मिलार्डिया मेल्टाडा या उंदराचे शास्त्रातील जन्मस्थान म्हणून धारवाडचे नाव नोंदलेले आहे. एक धारवाडचा, एक सिंहगडचा. दोघेही मऊ केसांचे, दोघेही रात्री बाहेर पडणारे, दोघेही एकाच प्रजातीचे. पण त्यांच्या नशिबात जेवढे अंतर आहे तेवढे धारवाड आणि पुणे यांच्यातही नसेल. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला या दोन गावांच्या मधोमध बसून दोघांकडे पाहता येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे वर्गीकरण. मराठी विश्वकोशाने रूढ केलेल्या परिभाषेत बोलायचे तर गण, कुल, प्रजाती आणि जाती अशी ही उतरंड असते. उंदीर हा कृंतक गणातला, म्हणजे कुरतडणाऱ्यांच्या जमातीतला. या गणाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजवले नाहीत तर प्राण्याच्याच जिवावर उठतात. खार, शेकरू, साळिंदर हे सारे उंदराचे गणबंधू आहेत. उलट, स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेने चिरचिरत पळणारी आणि घरोघर उंदरात जमा केली जाणारी चिचुंद्री या गणातली नाहीच; ती कीटकभक्षकांतली. जगातील सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती एकट्या कृंतक गणात आहेत. इतक्या मोठ्या गणाला आपल्या बोलण्यात उंदीर, घूस, खार असे मोजकेच शब्द पुरतात, ही गोष्ट पुढील हकिकतीसाठी लक्षात ठेवावी.

मिलार्डिया ही प्रजाती त्या मानाने फारच लहान, अवघ्या चार जातींची. एक सिंध आणि वायव्येकडील कोरड्या मुलखातली, एक ब्रह्मदेशातली, आणि उरलेल्या दोन आपल्या. ओल्डफील्ड टॉमस या ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञाने १९११ साली ही प्रजाती वेगळी काढली आणि तिला मुंबईच्या वॉल्टर मिलार्ड यांचे नाव दिले. मिलार्ड हे व्यवसायाने मद्यविक्रेत्या पेढीतले गृहस्थ. पण मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी त्याच सुमारास भारतातील सस्तन प्राण्यांच्या पाहणीसाठी पैसा उभा केला होता. पिवळ्या कंठाची एक मेलेली चिमणी घेऊन आलेल्या शाळकरी सालिम अलींना सोसायटीची कपाटे उघडून दाखवणारे मिलार्ड हेच. पक्ष्यांच्या जगात त्यांचे स्मरण त्या एका प्रसंगाने राहिले. त्यांचे नाव मात्र उंदरांना लागले आहे.

धारवाडच्या उंदराची कथा याहून जुनी आणि माझ्या दृष्टीने अधिक रसाळ. वॉल्टर इलियट हा मद्रास मुलकी सेवेतील तरुण अधिकारी धारवाडला कलेक्टर थॅकरे याच्या हाताखाली होता. १८२४ च्या ऑक्टोबरात थॅकरे कित्तूरवर चालून गेला आणि राणी चन्नम्मांच्या सैन्याकडून मारला गेला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या वेळी स्टीव्हन्सन नावाच्या सहकाऱ्यासह जो दुसरा गोरा अधिकारी कित्तूरच्या कैदेत पडला, तो हा इलियट. वय जेमतेम एकवीस. पुढे तो सुटला आणि मुलखाला कंटाळून निघून जाण्याऐवजी १८३३ पर्यंत इथेच राहिला. या काळात त्याने शिलालेखांच्या नकला जमवल्या, कानडी शिकली आणि ज्याला इंग्रज ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत त्या मुलखातील सस्तन प्राण्यांची एक यादी तयार केली. ती १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात छापली गेली. ‘सदर्न मराठा’ हे शब्द आपल्या पिढीला फार तर रेल्वेच्या जुन्या नावामुळे आठवतील. उंदरांच्या शास्त्रीय वाङ्मयात ते अजून जिवंत आहेत.

या यादीचे मला वाटते ते वैशिष्ट्य असे की, इलियटने प्राण्यांची देशी नावे जपून नोंदवली. आणि ती ज्याची त्याची वेगवेगळी. कानडी शेतकरी एका प्राण्याला काय म्हणतो, मराठा काय म्हणतो, वडार काय म्हणतो, हे तो लिहून ठेवतो. आपल्या या उंदराचे नाव त्याला वडारांकडून मिळाले : मेट्टाड. हे नमुने लंडनला गेले, तेथे जॉन ग्रे यांनी १८३७ मध्ये, म्हणजे इलियटची स्वतःची यादी छापून होण्याच्याही आधी, त्यांना शास्त्रीय नाव दिले, आणि त्या नावात मेट्टाडचा ‘मेल्टाडा’ झाला. दोन ट-कारांपैकी एकाचा कुणाच्या तरी हस्ताक्षरात ल-कार झाला असावा. महसुली दप्तरात अशी गावांची नावे मी पुष्कळ पाहिली आहेत. एकदा चुकीचे नाव नकाशावर चढले की गावकऱ्यांनाही तेच लिहावे लागते. शास्त्राचा नियमही तोच. पहिल्यांदा छापले ते कायम.

मेट्टाडच्या राहणीविषयी इलियटने जे टिपले आहे ते वाचताना मी थक्क झालो, कारण त्यातील जमीन माझ्या पायाखालची होती. नोकरीची काही वर्षे मी नवलगुंदकडच्या काळ्या जमिनीत काढली. कानडीत तिला ‘एरी’ म्हणतात. चैत्र-वैशाखात या जमिनीला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. मेट्टाड स्वतः बीळ खणण्याचा फारसा खटाटोप करीत नाही. झुडपाच्या मुळाशी थोडेसे उकरलेले भोक, शेताच्या बांधावर टाकलेल्या दगडांचा ढीग, दुसऱ्या उंदराने सोडून दिलेले बीळ, नाहीतर उन्हाळ्यात सरळ या भेगा, एवढ्यावर तो भागवतो. जोडीने किंवा पाच-सहांच्या टोळीने राहतो. मृगाचा पाऊस दमदार पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यांत असतील तेवढे मेट्टाड गाडले जातात. दरसालची ही निसर्गाची वजावट. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस पुरेसा पडला नाही, त्यामुळे ही वजावट झालीच नाही, आणि उंदरांचे अमाप पीक आले. त्यांनी पेरलेले बी जमिनीतून खाल्ले. जे उगवले त्याची कणसे भरत आली तेव्हा ज्वारीच्या ताटावर चढून कणसे कुरतडून खाली पाडली. शेतेच्या शेते अशी उजाड झाली की रयतेला सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना कामाला लावले. अमुक डझन उंदरांना एक माप धान्य असा दर ठरला. हजारोंनी उंदीर मारले गेले आणि तरी त्यांची संख्या घटल्याचे दिसेना. मारलेले उंदीर वडारांच्या चुलीवर गेले, हेही इलियट नोंदवतो.

आता माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांना यातले काय दिसावे? पाऊस कमी पडला म्हणून पीक गेले, असे त्या साली कोणी सरकारला कळवले असेल तर ते अर्धेच खरे होते. पाऊस कमी पडल्यामुळे उंदीर वाचले आणि उंदरांनी पीक नेले. आणेवारी ठरवताना आम्ही पावसाचे आकडे पाहत असू, टाकीच्या पाण्याची पातळी पाहत असू. जमिनीची भेग कोणत्या तारखेला मिटली, हा रकाना आमच्या कोणत्याही नमुन्यात नव्हता. पंचवीस वर्षांच्या आतल्या एका परक्या पोराने तो मनातल्या मनात भरला होता. आणि त्याच्याही आधी वडारांनी. कारण कोणता उंदीर भेगेत राहतो आणि कोणता खोल बीळ करून त्यात धान्य साठवतो, याचे भान ज्याला उंदीर खणून काढायचा आहे त्यालाच असणार. साठवणाऱ्याला त्यांच्याकडे वेगळे नाव होते, झुडपात राहणाऱ्याला वेगळे होते. विद्वानांनी त्यांत लॅटिन प्रत्यय जोडले.

पुढे शास्त्राने मेट्टाडला बरेच फिरवले. ग्रे यांनी त्याला गोलुंडा प्रजातीत घातले होते. नंतर कुणी त्याला मस म्हणून नोंदवले, कुणी रॅटस म्हणून. कृषी-संशोधकांच्या जुन्या निबंधांत तो बरीच वर्षे रॅटस मेल्टाडा या नावानेच वावरतो. अखेर मिलार्डियात स्थिर झाला. सीमाभागातल्या वाचकाला यात नवल वाटू नये. आमचे गाव आधी मुंबई इलाख्यात होते, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले, १९७३ मध्ये त्याच राज्याचे कर्नाटक झाले. गावची वेस मात्र तसूभर सरकली नाही. मेट्टाडही या सर्व उलथापालथीत ज्वारीचे कणीस खातच राहिला.

आता गडावर जाऊ. मेट्टाडला नाव मिळाल्यानंतर एकशे अडतीस वर्षांनी, १९७५ मध्ये, ए. सी. मिश्रा आणि व्ही. धंदा या दोन संशोधकांनी मिलार्डिया प्रजातीचा नव्याने आढावा घेतला आणि सिंहगडावरचा उंदीर ही वेगळी जाती आहे, असे जाहीर केले. हे दोघे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले. त्या केंद्राचे काम विषाणूंचे. पण विषाणू वाहून नेतात गोचिडी आणि पिसवा, त्या राहतात रानउंदरांच्या अंगावर, आणि गोचीड कुणाच्या अंगावरची हे लिहायचे तर उंदीर कोणता हे आधी ठरवावे लागते. १९५७ मध्ये आपल्याच राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर गावच्या रानात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला, तेव्हा त्या रोगाचा माग याच केंद्राने गोचिडींपर्यंत काढला होता. वडारांना उंदरांची जात ओळखावी लागली ती पोटासाठी. पुण्याच्या संशोधकांना ओळखावी लागली ती रोगासाठी. उंदराकडे उंदीर म्हणून पाहायला कोणी गेले नव्हते, हे एकदा कबूल केलेले बरे.

दोन उंदीर शेजारी ठेवले तर तुम्हाआम्हाला फरक कळणार नाही. तज्ज्ञ कवटी मोजतात, दाढांची ठेवण पाहतात, तळपायावरच्या बारीक उंचवट्यांची गणती करतात. वर्गीकरण या शब्दाला आपल्याकडे कोरडेपणाचा वास येतो. प्रत्यक्षात ते असे भिंग लावून, एकेका दाताजवळ थांबून केलेले काम आहे. ते झाले नसते तर सिंहगडावर आजही ‘उंदीर’च राहत असते, आणि त्यांचे काय झाले हा प्रश्न विचारायला जागाच नसती.

जागतिक निसर्ग-संवर्धन संघाच्या लाल यादीत या दोघांच्या नोंदी आहेत. मेट्टाडच्या नोंदीत पाकिस्तानपासून नेपाळपर्यंत आणि खाली श्रीलंकेपर्यंतचा मुलूख येतो. गवत, झुडपे, ओलिताची शेते, कोरडवाहू शेते, सारे त्याला चालते. शेरा ‘चिंता करण्याजोगे नाही’. कोंढाण्याच्या उंदराच्या नोंदीत एकच ठिकाण येते, सिंहगडाचे पठार, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२७० मीटर उंचीवर, क्षेत्र अंदाजे १ चौरस किलोमीटर, शेरा ‘संकटग्रस्त’. जी कारणे दिली आहेत ती गडावर गेलेल्या कुणालाही परकी वाटणार नाहीत : अधिवासाचा ऱ्हास, अतिचराई, पर्यटकांची वर्दळ.

१ चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर, सुमारे २४७ एकर. हा आकडा वाचून मी थांबलो. माझ्या नोकरीच्या काळात एकेका सधन घराण्याच्या नावे कूळकायद्याच्या आधी याहून जास्त जमीन असे. एका प्राण्याच्या अख्ख्या जातीचे विश्व २४७ एकरांचे. आणि त्यातही तट, बुरूज, टाकी, रस्ता, वाहनतळ, खाद्यपदार्थांची दुकाने आणि दूरदर्शनचा मनोरा.

‘चिंता करण्याजोगे नाही’ या शेऱ्याबद्दल एक सांगितले पाहिजे. त्याचा अर्थ एवढाच की ही जाती नष्ट होण्याच्या वाटेवर नाही. पण तो वाचताना मला १८२६ चा शेतकरी आठवतो आणि हसू येते, कारण चिंता त्यालाच होती. संवर्धनाच्या यादीत ‘चिंता’ उंदराच्या बाजूने मोजली जाते, कृषी खात्याच्या पत्रकात पिकाच्या बाजूने. मेट्टाड एका कागदावर निश्चिंत आणि दुसऱ्या कागदावर गुन्हेगार आहे. झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या पिठात मळून बिळांपाशी ठेवण्याच्या मोहिमा मी पाहिल्या आहेत. त्या चुकीच्या होत्या असे मी मुळीच म्हणणार नाही. वर्षाची ज्वारी गेलेल्या घराला प्राणिशास्त्र ऐकवणे हा उद्धटपणा होईल. मेट्टाड त्या मोहिमांतून तसाच उरला, जसा वडारांच्या फावड्यातून उरला होता. एका वेताला सहा ते आठ पिले, आणि नाना प्रकारच्या जमिनीत राहण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर.

कायद्याने मात्र दोघांत भेद केला नाही. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आला तेव्हा त्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राण्यांची यादी होती. कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि त्यांच्याबरोबर मोघमपणे ‘उंदीर’. या यादीतील प्राण्यांना संरक्षण नव्हते. तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९७२ मध्ये उंदीर उपद्रवी ठरले आणि १९७५ मध्ये कळले की त्यांतला एक उंदीर जगात फक्त एका गडावर आहे. कायदा करणाऱ्यांना दोष देता येत नाही. जे नाव अस्तित्वातच नव्हते ते त्यांनी कसे वगळावे? पण नाव मिळाल्यानंतरही तो मोघम शब्द जवळजवळ पन्नास वर्षे तसाच राहिला. २०२२ च्या दुरुस्तीने ही उपद्रवींची अनुसूचीच रद्द झाली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचे तर केंद्र सरकारला त्यासाठी क्षेत्र आणि मुदत नमूद करून वेगळी अधिसूचना काढावी लागते. मला हा बदल योग्य वाटतो. गुन्हा कुठला, कुठे, केव्हा, हे न लिहिता शिक्षा सांगणारा हुकूम आमच्या खात्यात वरच्या कोर्टात एक दिवस टिकला नसता.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या नातलगांकडे मुक्काम असताना मी गडावर गेलो. उंदीर दिसावा अशी अपेक्षा नव्हती. तो निशाचर आणि बिळात राहणारा, मी दुपारी गाडीने जाणारा. तानाजींच्या समाधीचे दर्शन घेतले, देवटाक्याचे पाणी प्यालो आणि एका छपराखाली पिठले-भाकरी घेतली. वाढणाऱ्या बाईंना सहज विचारले, “मावशी, गडावर उंदीर आहेत का हो?”

त्यांना माझा प्रश्न स्वच्छतेविषयीचा वाटला. किंचित तुटकपणे म्हणाल्या, “न्हाई काका, आमी समदं झाकून ठिवतो.”

मी म्हटले, “तसं नव्हे. इथं एक वेगळा उंदीर आहे म्हणतात. दुसरीकडं कुठंच नाही.”

त्यांनी भाकरी उलटली आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “घरातला येगळा आन् रानातला येगळा. रानातला हिकडं येत न्हाई फारसा. त्याला काय नाव न्हाई बगा.”

या बाईंना जे ठाऊक होते ते वडारांच्या ज्ञानाच्या जातीचेच होते : घरातला वेगळा, रानातला वेगळा. फक्त नाव नव्हते. मेट्टाडला वडारांनी नाव दिले आणि ते जगभर गेले. गडावरच्या उंदराला त्याच्या शेजाऱ्यांनी नाव द्यावे असे काही कारण घडले नाही. त्याने ज्वारी खाल्ली नाही. गडावर ज्वारी नाही. कुणी त्याला शिजवून खाल्ल्याचे ऐकिवात नाही. गडाच्या कथेत जनावरांना वाव नाही असेही नाही. गडाच्या नावात सिंह आहे, जो तिथे कधी नव्हता. लोककथेत घोरपड आहे, आणि तिला तर यशवंती हे नावही आहे. उंदीर तेवढा दोहोंतून सुटला. घोरपड उंदीर खाते, हे जाता जाता नमूद करतो.

आमच्या मंडळातील एका स्नेह्यांना, ते निवृत्त शिक्षक आहेत, मी हे सारे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अहो, पण उद्या तो उंदीर नाहीसा झाला तर कुणाचं काय बिघडणार आहे?” प्रश्न प्रामाणिक होता. अन्नसाखळी, निसर्गाचा समतोल वगैरे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, पण ते मी गिळले. या एका उंदरावाचून समतोल ढळेल असे मला दाखवून देता आले नसते. मी त्यांना एवढेच सांगितले, की माझ्या नोकरीत पहाणी पत्रिकेवर दोन गुंठ्यांचा मालक आणि दोनशे एकरांचा मालक यांच्या नोंदी सारख्याच शाईने होत. दोन गुंठेवाल्याचा उपयोग काय, असे कुणी विचारत नसे. त्याची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढली तर मात्र दाद मागता येई, कारण त्याची नोंद होती. स्नेह्यांचे समाधान झाले नाही. “उंदीर दाद मागायला येणार नाही,” ते म्हणाले. आणि हेही खरेच होते.

मला स्वतःला अधिक काळजी वाटते ती एका साध्या गोष्टीची. जिथे माणसे जेवतात तिथे उष्टे पडते. उष्टे पडते तिथे घरउंदीर येतो. घरउंदीर वाढला की विष ठेवले जाते. यात कुणाचा दुष्टपणा नाही, आणि छपरांखाली चूल पेटवून पोट भरणाऱ्यांना गडावरून हाकलून हा प्रश्न सुटेल असेही मला वाटत नाही; त्यांची घरे त्या गडाच्याच आधाराने उभी आहेत. पण विषाच्या गोळीला मिलार्डिया आणि रॅटस यांतला फरक कळत नाही. तो ज्यांना कळतो त्यांनी गडावरच्या दुकानदारांना, चराईला गुरे सोडणाऱ्यांना, वन खात्याच्या पहारेकऱ्यांना तो सांगायला हवा. गोळीऐवजी पिंजरा लावा, पकडलेला उंदीर रानातला दिसला तर सोडून द्या, उष्टे गडाखाली न्या, इतके साधे. कुणी तरी त्या मावशींना रानातल्या उंदराचे नाव सांगायला हवे. त्यांना ते अवघड जाणार नाही. त्यांच्या गडाचेच आहे.

मेट्टाडला यातले काही लागत नाही. एका तालुक्यातले सारे मेट्टाड एका पावसात गाडले गेले तरी शेजारच्या तालुक्यातून ते येतात, आणि दिवाळीच्या सुमारास ज्वारी पोटरीत येईपर्यंत पुन्हा भरतात. गडावरच्या उंदराला बाहेरून कुमक यायची सोय नाही. पुणे दरवाजातून उतरा की कल्याण दरवाजातून, डोंगराच्या पायथ्याशी पोचले की रस्ता लागतो, मग घरे, मग शेते. आणि त्या शेतांत मेट्टाड असतो.